हरिकेनचा हंगाम: वादळाआधीची तयारी आणि पाणी ओसरल्यावरची काळजी

केटीकर

अटलांटिकचा हरिकेन हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण गणपती ते दसरा. ह्यूस्टन परिसरात नव्याने आलेली मंडळी दरवर्षी तेच प्रश्न विचारतात, पण वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरल्यावर. तोवर दुकानातलं पाणी संपलेलं असतं आणि पुराचा विमा घ्यायची वेळ टळून गेलेली असते. म्हणून हा धागा आत्ताच काढतोय. फ्लोरिडा, कॅरोलायना, लुइझियाना, सगळ्यांनी भर घाला.

सगळ्यात आधी एक गोष्ट. कॅटेगरीचा आकडा ऐकून निर्धास्त होऊ नका. १ ते ५ हा आकडा फक्त वाऱ्याच्या वेगाचा. ताशी ७४ मैलांना कॅटेगरी १ सुरू होते, १५७ ला ५. पाऊस किती पडणार, समुद्र किती आत घुसणार, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. हार्वी वादळ २५ ऑगस्ट २०१७ च्या रात्री रॉकपोर्टजवळ कॅटेगरी ४ म्हणून किनाऱ्याला लागलं. ते इथून खूप लांब, ह्यूस्टनमध्ये वारा फारसा नव्हताच. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती, बऱ्याच घरी गणपती बसले होते, प्रसादाला लोकांचं येणंजाणं चालू होतं. पण ते वादळ पुढे सरकलंच नाही. रेंगाळलं, ट्रॉपिकल स्टॉर्म इतकं कमजोर झालं आणि त्या कमजोर अवस्थेत त्याने शहर बुडवलं. टेक्सासमधल्या नेदरलँड गावात ६०.५८ इंच पाऊस मोजला गेला, म्हणजे दीड मीटरच्याही वर.

पश्चिम ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्यांनी अ‍ॅडिक्स आणि बार्कर ही नावं माहीत करून घ्यावीत. हे पूर अडवण्यासाठी बांधलेले जलाशय. एरवी कोरडे असतात, आत बागा, मैदानं, सायकलचे रस्ते आहेत, त्यामुळे आपण धरणाशेजारी राहतो हे कित्येकांच्या गावीही नसतं. जिथे पाणी साठणार तिथपर्यंत वसाहती झालेल्या आहेत. हार्वीत जलाशय तुडुंब झाले तेव्हा वरच्या अंगाची घरं साठलेल्या पाण्याने बुडाली. धरणाचे दरवाजे उघडल्यावर बफेलो बायू या नदीच्या काठची, खालच्या अंगाची घरं बुडाली, आणि पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं तरी ती कित्येक दिवस पाण्यातच राहिली. घर घेताना शाळा आणि कम्यूट बघतो तसं हेही बघा. ब्रोकर आपणहून सांगेलच असं नाही.

दुसरं, विमा. नेहमीच्या होमओनर्स पॉलिसीत पूर येत नाही. छप्पर उडून पाऊस आत आला तर एक वेळ मिळेल, दारातून पाणी आत आलं तर नाही. त्यासाठी पुराचा वेगळा विमा लागतो. सरकारी योजनेत घराच्या इमारतीसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख डॉलर. आणि पॉलिसी घेतल्यापासून ती लागू व्हायला साधारणपणे ३० दिवस जातात. वादळाला नाव मिळाल्यावर फोन करून उपयोग नाही. 'आमचं घर फ्लडप्लेनमध्ये (पूररेषेच्या आत) नाही' हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. हार्वीत एकट्या हॅरिस काउंटीत दीड लाखाहून जास्त घरांत पाणी शिरलं, त्यातली जवळजवळ दोन तृतीयांश शंभर वर्षांच्या पूररेषेच्या (जिथे दरवर्षी पुराची शक्यता एक टक्का धरतात) बाहेर होती.

तिसरं आणि मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते: तयारी वादळाच्या रात्रीसाठी नाही, नंतरच्या आठवड्यासाठी करायची. ८ जुलै २०२४ चं बेरिल आठवा. नुसतं कॅटेगरी १, सकाळी आलं, दुपारपर्यंत गेलं. मागे २२ लाखांहून जास्त ग्राहक विजेविना. जुलैचा उकाडा, एसी नाही, फ्रिज नाही. वारा गेल्यानंतर उष्म्याने माणसं गेली, जनरेटरच्या धुराने गेली.

नवखा_टेक्सन

धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद, केटीकर दादा. शुगरलँडला दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. एच-वन-बी वर आहे, बायको आणि चार वर्षांची मुलगी, मुलीचा जन्म इथलाच. जुलैत आईबाबा सहा महिन्यांसाठी येतायत. बाबांना मधुमेह, इन्सुलिन चालू आहे. दोन प्रश्न आहेत. दुसऱ्या मजल्यावर असताना पुराचा विमा घेण्यात अर्थ आहे का? आणि व्हिसावर असलेल्यांना सरकारकडून काही मदत मिळते का? ऑफिसमध्ये प्रत्येक जण वेगळं सांगतो.

केटीकर

>> दुसऱ्या मजल्यावर असताना पुराचा विमा घेण्यात अर्थ आहे का?

तुमच्या घरात पाणी येणार नाही बहुधा, पण गाडी खाली उभी असते. गाडीसाठी 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' घेतलंय का बघा, गाडीचं पुराचं नुकसान त्यातून भरून निघतं, नुसत्या लायबिलिटीतून नाही. वादळ येण्याआधी गाडी पार्किंग गॅरेजच्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवा. तळमजल्यावर असाल तर भाडेकरूलाही फक्त सामानाचा पुराचा विमा मिळतो, तो जरूर घ्या.

>> व्हिसावर असलेल्यांना सरकारकडून काही मदत मिळते का?

निवारा, अन्न, पाणी, सुटका, हे सगळ्यांना मिळतं, कोणी कागद विचारत नाही. फेमाची (केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याची) रोख मदत नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि अशा काही ठरावीक वर्गांनाच मिळते. एच-वन-बी त्यात बसत नाही. पण तुमची मुलगी अमेरिकन नागरिक आहे. घरात नागरिक असलेलं अल्पवयीन मूल असेल तर आईवडील त्याच्या वतीने अर्ज करू शकतात. हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. मुलीचा सोशल सिक्युरिटी नंबर आणि जन्मदाखला हाताशी ठेवा.

कागदांचं म्हणाल तर पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसा मंजुरीचा कागद), लग्नाचा दाखला, आईबाबांच्या प्रवास विम्याचे कागद, सगळं एका झिपलॉकमध्ये आणि त्याचे फोटो क्लाउडवर. भारतातून व्हिसाचे कागद परत मिळवायचे म्हणजे काय असतं ते सांगायला नको.

शुश्रूषा

मी टँपात नर्स आहे. बाबांच्या इन्सुलिनबद्दल आधी लिहिते. वापरात असलेली कुपी किंवा पेन साधारण ८६ फॅरनहाइटपर्यंत २८ दिवस टिकतं, ब्रँडप्रमाणे थोडा फरक असतो, फार्मसिस्टला आधीच विचारून ठेवा. ८६ म्हणजे ३० सेल्सिअस. वीज गेलेलं घर उन्हाळ्यात दुपारपर्यंत त्याच्या वर जातं. मातीच्या भांड्यात ओलं फडकं घालून ठेवण्याची आपली पद्धत दमट हवेत फारशी चालत नाही. छोटी कूलर बॅग आणि बर्फ ठेवा, पण इन्सुलिन बर्फाला टेकता कामा नये, गोठलं की वाया गेलं. भारतातून आणलेल्या गोळ्यांची चिठ्ठी जेनेरिक नावांसकट सोबत ठेवा. इथल्या डॉक्टरला ब्रँडचं भारतीय नाव कळत नाही.

आता जनरेटर. तो घरात, गॅरेजमध्ये, बाल्कनीत, खिडकीखाली चालवायचा नाही. गॅरेजचं दार उघडं ठेवूनही नाही. घरापासून किमान २० फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस उठतच नाही. प्रत्येक वादळानंतर आमच्याकडे अख्खी कुटुंबं येतात, काही पोहोचतच नाहीत. कोळशाची शेगडी आणि कॅम्पिंगचा स्टोव्ह यांनाही हाच नियम. बॅटरीवर चालणारा सीओ अलार्म तीसचाळीस डॉलरला मिळतो. पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या आधी तो घ्या.

पुराच्या पाण्यातून चालू नका, हे मुलांना खास करून सांगा. त्या पाण्यात सांडपाणी, पेट्रोल, तुटलेल्या काचा, खाली पडलेल्या विजेच्या तारा, सगळं असतं. टेक्सासमध्ये लाल मुंग्यांचे गोळेच्या गोळे पाण्यावर तरंगत येतात, ते तपकिरी कचऱ्यासारखे दिसतात, हात लावू नका. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचा जिवाणू असतो. साध्या खरचटलेल्या जागेतून शिरतो आणि ज्यांना लिव्हरचा आजार किंवा मधुमेह आहे त्यांच्यात फार झपाट्याने पसरतो. इयान (२०२२) आणि हेलीन (२०२४) या वादळांनंतर फ्लोरिडात याचे रुग्ण वाढले होते. जखम असलेला भाग पाण्यात गेला आणि काही तासांत लाल होऊन सुजला, ठणकायला लागला, तर सकाळची वाट बघू नका, इमर्जन्सीत जा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आत्ताच बघा.

वाशिष्ठी

बहीण ह्यूस्टनला असते, तिने धागा पाठवला. मी चिपळूणची. आमच्याकडे २२ जुलै २०२१ ला आलेला पूर वादळाचा नव्हता, अतिवृष्टीचा होता, पण पाणी ओसरल्यानंतरचं जे शुश्रूषाताईंनी लिहिलंय ते अक्षरशः तसंच.

एक भर घालते, चिखलाबद्दल. पाणी उतरत असतानाच चिखल ढकलत बाहेर काढायचा. पाणी पूर्ण गेलं, दोन दिवस ऊन लागलं, की तोच चिखल फरशीवर असा बसतो की फावड्यानेही निघत नाही. बाजारपेठेतल्या ज्या दुकानदारांनी कमरेएवढ्या पाण्यातच खराट्याने ढवळत ढवळत गाळ पाण्याबरोबर जाऊ दिला, त्यांची दुकानं आधी उभी राहिली. अर्थात मेन स्विच बंद असल्याची खात्री करून, आणि पायात गमबूट घालून.

आमच्याकडची दुसरी भीती लेप्टोची. उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो, पायाच्या भेगांतून शिरतो. २००५ च्या २६ जुलैनंतर मुंबईने तो अनुभवलाय. पाण्यात उतरावंच लागलं असेल तर डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन, आणि पुढच्या दोनतीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल, असं काही झालं तर 'मी पुराच्या पाण्यात होतो' हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं. तिकडच्या डॉक्टरांच्या डोक्यात लेप्टो पटकन येणारही नाही.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगर भागात आलं तेव्हा मोबाइलचे टॉवरही गेले. माझ्या मावशीची खुशाली कळायला फार वेळ लागला. तेव्हापासून आमच्यात ठरलंय की प्रत्येकाने पुण्याच्या मामाला कळवायचं, एकमेकांना शोधत बसायचं नाही. परगावचा एक माणूस ठरवून ठेवा आणि त्याचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. फोन बंद पडला की आपल्याला स्वतःच्या नवऱ्याचा नंबरही आठवत नाही.

रानजाई

वाशिष्ठीताई, चिखलाचं अगदी उपयोगी सांगितलंत.

आम्हीही टँपाचे. मला बाहेर पडण्याबद्दल लिहायचंय. आपली माणसं इथे दोन गोष्टींत गल्लत करतात, फ्लड झोन आणि इव्हॅक्युएशन झोन. पहिला विम्यासाठी असतो. दुसरा समुद्राचं पाणी किती आत येईल त्यावरून ठरतो, फ्लोरिडात ए पासून एफ पर्यंत. तुमच्या पत्त्याचा झोन काउंटीच्या साइटवर बघा आणि फ्रिजवर लिहून लावा. तुमच्या अक्षराला निघा म्हणाले की निघायचं, चर्चा नाही.

आणि टीव्हीवर वादळाच्या नकाशात दाखवतात त्या कोनाबद्दल: तो वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग आहे, वादळाचा आकार नाही. केंद्र साधारण तीनपैकी दोन वेळा त्याच्या आत राहतं, म्हणजे एकदा बाहेरही जातं. आपण कोनाबाहेर आहोत म्हणजे सुटलो, असं नसतं. हेलीन २६ सप्टेंबर २०२४ ला पेरीजवळ किनाऱ्याला लागलं, आमच्यापासून शंभराहून जास्त मैल उत्तरेला, तरी टँपा बेच्या काठची घरं समुद्राच्या पाण्याने भरली. पुढे दोन आठवड्यांत मिल्टन वादळ. घट बसलेले, अंगणात अजून लोकांचे भिजलेले सोफे पडलेले, आणि पुन्हा गाड्या भरायच्या.

केटीकर

>> तुमच्या अक्षराला निघा म्हणाले की निघायचं, चर्चा नाही.

पूर्ण सहमत. फक्त याची दुसरी बाजूही लिहितो, कारण ह्यूस्टनची गोष्ट वेगळी आहे. २००५ ला रिटा वादळाच्या वेळी कतरिना वादळ ताजं होतं, घाबरून लाखो लोक एकदम निघाले, ज्यांना निघायची गरज नव्हती तेही. हायवेवर गाड्या तासन्‌तास जागच्या हलेनात, पेट्रोल संपलं, उकाड्याने माणसं दगावली. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी बस पेटून २३ जण गेले. रिटाशी निगडित मृत्यूंत मोठा वाटा या पळापळीचा होता. म्हणून तुमचा झिप कोड निघायच्या यादीत नसेल, घर पक्कं असेल, पाणी येण्यासारखी जागा नसेल, तर घरीच थांबा आणि किनाऱ्यावरच्या गॅल्व्हस्टनकडच्या लोकांना रस्ता मोकळा सोडा.

रानजाई

हे मान्य. आणि निघायचं म्हणजे अटलांटापर्यंत पळायचं असंही नाही. आमच्याकडे सांगतात की पाण्यापासून वीसतीस मैल आत, उंचावर, एखाद्या पक्क्या घरात गेलात तरी पुरतं. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आम्ही मे महिन्यातच नोंद करून ठेवतो, कोणाच्या झोनबाहेरच्या घरी किती माणसं मावतील, कोणाकडे कुत्रा चालेल, कोणाकडे खालच्या मजल्यावर आजीआजोबांसाठी खोली आहे. प्रत्यक्ष वेळी फोनाफोनी करावी लागत नाही.

डोंगरवाट

समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी लिहितो. आम्ही अ‍ॅशव्हिलचे, पश्चिम नॉर्थ कॅरोलायना, समुद्र शेकडो मैलांवर. हेलीनने डोंगरातल्या नद्या अशा फुगवल्या की रस्ते, पूल, पाण्याच्या मुख्य नळवाहिन्या वाहून गेल्या. शहराच्या नळाला पिण्याजोगं पाणी १८ नोव्हेंबरला आलं, वादळानंतर ५३ दिवसांनी.

माणशी रोज एक गॅलन पाणी साठवायला सांगतात. ते पिण्या-खाण्यापुरतं आणि थोडं हातपाय धुण्यापुरतं. फ्लशला वेगळं लागतं. वादळाच्या आदल्या रात्री बाथटब, बादल्या, पिंप, सगळं भरून ठेवा. आमच्याकडे लोक ओढ्याचं पाणी बादल्यांनी आणून फ्लशला वापरत होते.

पाणी उकळताना खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट. उकळणं शक्य नसेल तर बिनवासाचं साधं ब्लीच, ६ टक्क्यांचं असेल तर एका गॅलनला ८ थेंब, ८.२५ टक्क्यांचं असेल तर ६, ढवळून अर्धा तास थांबायचं. पण पाण्यात रसायनं किंवा पेट्रोल मिसळलं असेल तर उकळूनही ते जात नाही. तिथे बाटलीबंदच.

नवखा_टेक्सन

खाण्याचं काय ठेवता तुम्ही? आईला शिळं चालत नाही आणि इंडक्शनशिवाय घरात दुसरं काही नाही.

रानजाई

दडपे पोहे! पातळ पोहे, कांदा, लिंबू, मीठ, डेसिकेटेड खोबऱ्यावर पाण्याचा हबका मारून दडपून ठेवायचे. गॅस नको, भांडी दोन. पोह्याचं पाकीट, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, खाकरे, लाह्या, गूळ, राजगिऱ्याच्या वड्या, टेट्रापॅकमधलं दूध, केळी. आदल्या दिवशी दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या करून ठेवा, दोन दिवस छान राहतात. वरणभाताच्या नादी लागू नका, डाळ-तांदूळ धुण्यात आणि कुकर घासण्यातच पाणी संपतं. कागदी ताटल्या ठेवा.

फ्रिज बंद ठेवला तर ४ तास गार राहतो, भरलेला फ्रीझर ४८, अर्धा भरलेला २४. त्यानंतरचं दूध, पनीर, शिजवलेली भाजी टाकून द्या, वास घेऊन ठरवू नका. आधीपासून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या की फ्रीझरही टिकतो आणि प्यायलाही होतं.

शुश्रूषा

+१. आणि पाणी घरात चढत असेल तर अ‍ॅटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यावर) जाऊन बसू नका, तिथून बाहेर पडायला वाट नसते. छतावर जा. रस्त्यावर पाणी असेल तर गाडी घालू नका. सहा इंच वाहत्या पाण्यात धडधाकट माणूस कोलमडतो, फूटभर पाण्यात लहान गाडी वाहायला लागते, दोन फुटांत बहुतेक सगळ्याच. रात्री तर रस्ता खचलेला दिसतही नाही.

केटीकर

पाणी घरात येऊन गेलंच, तर त्यानंतरचा क्रम नीट लिहून ठेवतो.

वायरिंगला पाणी लागलं असेल तर इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय वीज चालू करायची नाही. पॅनेलपर्यंत जायला पाण्यात उभं राहावं लागत असेल तर हात लावूच नका. गॅसचा वास आला तर बाहेर.

मग काही हलवायच्या आधी फोटो. प्रत्येक खोली, भिंतीवरची पाण्याची रेघ टेपने मोजून, फ्रिज-वॉशर यांचे सीरियल नंबर. कार्पेटचा, पडद्याचा एकेक तुकडा कापून ठेवा, अ‍ॅडजस्टरला (विमा कंपनीच्या पाहणी करणाऱ्याला) दाखवायला. सरकारी पूरविम्यात नुकसानीचं लेखी पत्रक साधारण ६० दिवसांत द्यावं लागतं, मुदत वाढवल्याचं स्वतः खात्री केल्याशिवाय धरून चालू नका. फोटो झाले की मात्र अ‍ॅडजस्टर येईपर्यंत ओलं सामान घरात कुजत ठेवायचं नाही. बुरशी २४ ते ४८ तासांत धरते. शीटरॉक (भिंतीचे जिप्समचे तक्ते) पाणी वर ओढतं, रेघ दोन फुटांवर असली तरी ओल त्याच्या वर गेलेली असते. हार्वीनंतर आमच्या गल्लीत घरोघर जमिनीपासून चार फुटांवर भिंती कापल्या होत्या, कारण शीटरॉकचा तक्ता चार फुटी येतो आणि नवा नीट बसतो. आतलं इन्सुलेशन काढा, लाकडी चौकट पंखे आणि डीह्युमिडिफायर लावून पूर्ण वाळू द्या. घाईने नवी भिंत लावली तर आत बुरशी तशीच वाढते. एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा. ब्लीच गॅलनला एक कपापेक्षा जास्त नको, आणि अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

वादळानंतर दारावर येणाऱ्या कंत्राटदारांना आगाऊ सगळे पैसे देऊ नका. लेखी कोटेशन, विम्याचा पुरावा, मग काम.

नवखा_टेक्सन

सीओ अलार्म आणि कूलर बॅग आज मागवली. बाबांच्या फार्मसीतही बोलून घेतो. एकच राहिलं, आमची गाडी इलेक्ट्रिक आहे. ती पाण्यात गेली तर?

केटीकर

वादळाआधी चार्ज करून उंचावर नेऊन ठेवा. खारं पाणी लागलं तर मात्र तिला चार्जर लावू नका, चालू करून बघू नका. इयाननंतर फ्लोरिडात समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या अशा गाड्यांच्या बॅटऱ्या नंतर पेटल्या होत्या. गॅरेजमधून बाहेर काढून घरापासून आणि बाकी गाड्यांपासून ५० फूट लांब उभी करवून घ्या, आणि टो करणाऱ्याला फोनवरच सांगा की गाडी इलेक्ट्रिक आहे आणि पाण्यात होती. त्यांना फ्लॅटबेड आणावा लागतो.